जन्मखूण : प्रारब्धाची चर्चा आणि हातातले कर्तव्य

कर्मसिद्धांताचा अभ्यास सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. तो सत्संग चालू असताना कोणी विचारत नाही. प्रसाद घेऊन झाल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात विचारला जातो. "आमच्या सुनेला मुलगी झाली. पाठीवर जन्मतःच मानेपासून कमरेपर्यंत काळा डाग आहे, त्यावर केसही आहेत. हे कोणाच्या कर्माचे फळ?"

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुःख असते, हे मान्य. पण तो प्रश्न ज्या घरात रोज फिरतो, त्या घरात एक बाळंतीण बसलेली असते आणि ती सगळे ऐकत असते. म्हणून या पाठात आपण मोठ्या जन्मखुणेचा विषय मुद्दाम सविस्तर घेत आहोत. आधी शरीराची बाजू पाहू. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ या दोहोंच्या ज्ञानाला ज्ञान म्हटले आहे. आपण साधक मंडळी क्षेत्रज्ञाविषयी पुष्कळ बोलतो. क्षेत्राची, म्हणजे या देहाची, नीट माहिती करून घेण्याचा मात्र कंटाळा करतो.

ही खूण येते कोठून?

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्वचेत मुळापासून नसतात. गर्भ अगदी लहान असताना, मज्जारज्जू आणि मेंदू जेथून घडतात त्याच्या काठाशी त्या पेशींचा उगम होतो. तेथून त्या प्रवास करत अंगभर पसरतात. या प्रवासाच्या सुरुवातीला एखाद्या एकाच पेशीच्या जनुकात बारीकसा बदल होतो. मोठ्या खुणांमध्ये बहुतेक वेळा हा बदल 'एन-रास' नावाच्या जनुकात सापडतो. त्या एका पेशीपासून पुढे ज्या पेशी निर्माण होतात, त्या सगळ्या तो बदल घेऊन येतात आणि ज्या भागात पोचतात तेथे दाटीवाटीने राहतात. बाळ जन्मते तेव्हा तो भाग तपकिरी किंवा काळा दिसतो. बदल जितका लवकर झालेला असेल, तितकी खूण साधारणपणे मोठी असते.

हा बदल आईच्या बीजातून आलेला नसतो, वडिलांच्याही नाही. गर्भधारणा झाल्यानंतर, गर्भाच्या स्वतःच्या एका पेशीत, योगायोगाने तो घडतो. त्यामुळे अशी खूण साधारणतः वंशपरंपरेने उतरत नाही. पुढच्या बाळालाही अशीच खूण असेल का, ही भीती बाळगण्याचे कारण नसते.

लहान आकाराची अशी खूण सुमारे १०० बाळांमागे एकाला असते. म्हणजे आपल्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या अंगावर ती असणार, फक्त कपड्याखाली. फार मोठी खूण मात्र विरळ, सुमारे २०,००० बाळांमागे एकाला. मूल वाढते तशी खूणही त्याच्याबरोबर वाढते. डोक्यावरची खूण मोठेपणी जन्माच्या वेळेपेक्षा साधारण दुप्पट होते, धडावरची जवळजवळ तिप्पट आणि पायावरची तिपटीहून थोडी अधिक. म्हणून डॉक्टर खूण मोजताना ती मोठेपणी केवढी होईल याचा हिशेब करतात. २० सेंटिमीटरहून मोठी होणारी ती मोठी, ४० सेंटिमीटरच्या पुढची अतिमोठी. मुख्य खुणेभोवती लहान-लहान उपखुणा असू शकतात आणि त्यातल्या काही जन्मानंतर महिन्या-वर्षांनी उमटतात. हे पाहून घरचे घाबरतात, 'डाग पसरतोय' म्हणतात. मुख्य खूण शरीराच्या वाढीबरोबर वाढते. कोडासारखी किंवा गजकर्णासारखी ती सरकत जात नाही आणि शिवल्याने कोणालाही होत नाही.

आता ग्रहणाविषयी. मराठी घर पुण्यात असो, इंदुरात असो की बेळगावात, अशा बाळाच्या आईला हा प्रश्न एकदा तरी विचारला जातो : "ग्रहणात काही चिरलेस का? काही कापलेस का?" ती बिचारी आठवू लागते. मग काहीतरी आठवतेच, कारण नऊ महिन्यांत भाजी न चिरलेली स्त्री शोधून सापडायची नाही. वस्तुतः ज्या पेशीत बदल होतो, तो गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत होऊन गेलेला असतो. कित्येकदा तेव्हा आपण गरोदर आहोत हे तिला नुकतेच कळलेले असते. ज्या देशांत ग्रहण पाळण्याची रीतच नाही, तेथेही अशी बाळे जन्मतात. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्माला येतात आणि ग्रहणे तर दर वर्षी होतात. विळीचा आणि खुणेचा संबंध असता, तर ही खूण विरळ राहिली नसती.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ग्रहणकाळात जप करायचा असेल, तर त्यांनी आनंदाने करावा. गरोदर सुनेलाही शेजारी बसवून घ्यावे, तिला तेवढीच विश्रांती. हरकत आहे ती नंतरच्या उलटतपासणीला.

प्रत्येक डाग एकच नव्हे

बाळाच्या अंगावर काही दिसले की लगेच मोठ्या आजाराची धास्ती घेऊ नये आणि 'जाईल आपोआप' म्हणून सोडूनही देऊ नये. आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या कमरेखाली, माकडहाडाशी निळसर-राखाडी डाग असतात. ते निरुपद्रवी असतात आणि बहुतेक काही वर्षांत फिके होऊन जातात. जन्मानंतर काही दिवसा-आठवड्यांनी लाल, उंचवटा आलेली, स्ट्रॉबेरीसारखी गाठ दिसू लागते ती रक्तवाहिन्यांची. ती काही महिने वाढते आणि मग हळूहळू ओसरते, पण डोळ्याजवळ, ओठाजवळ किंवा नाकाशी असेल तर लवकर उपचार लागतो आणि त्यासाठी आता चांगले औषध आहे. चेहऱ्यावरचा सपाट, जांभळट-लाल डाग निराळाच. तो ओसरत नाही. तो कपाळावर आणि पापणीवर असेल तर डोळ्यातील दाब आणि मेंदू यांची तपासणी आवश्यक असते. अशा लाल डागावर विशिष्ट लेसरचा चांगला उपयोग होतो.

काळ्या-तपकिरी मोठ्या खुणेचे उपचार या सगळ्यांहून वेगळे आहेत. शेजारच्या बाळाचा लाल डाग लेसरने गेला म्हणून आपल्या बाळाची काळी खूण जाईलच असे नाही. म्हणून पहिली पायरी एकच : जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत त्वचारोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना बाळ दाखवावे. गावात सोय नसेल तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करायला येतात. त्यांच्या डॉक्टरांनाही खूण दाखवून पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागता येते.

डॉक्टर काय पाहतात

दोन गोष्टींसाठी डॉक्टरांची नजर हवी असते. दोन्ही समजून घ्याव्यात, कारण अर्धवट माहिती भीती वाढवते.

पहिली गोष्ट मेंदूची. रंगपेशी आणि मज्जासंस्था यांचा उगम शेजारी-शेजारी असल्यामुळे क्वचित या पेशी मेंदूत किंवा मणक्यातही आढळतात. जन्मतः अशा एकाहून अधिक खुणा असतील किंवा खूण फार मोठी असेल, तर डॉक्टर मेंदू आणि मणक्याचा एमआरआय सुचवतात. तो पहिल्या सहा महिन्यांत झालेला बरा, कारण मेंदूची पुढची घडण झाल्यावर या पेशी चित्रात ओळखणे अवघड होते. एवढ्या लहान बाळाला पुष्कळदा दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोपेतच तपासता येते. पेशी आढळल्या तरी कित्येक मुलांना काहीच त्रास होत नाही. पण फिट येणे, वारंवार उलट्या, डोक्याचा घेर भराभर वाढणे, बसणे-चालणे-बोलणे मागे पडणे यांपैकी काही दिसले तर थांबू नये. "दृष्ट लागली आहे, मीठ-मोहरी ओवाळू" असे म्हणून दोन दिवस घालवणे बाळाला महागात पडू शकते. ओवाळायचेच असेल तर ओवाळा आणि त्याच पावली रिक्षा बोलवा.

दुसरी गोष्ट कर्करोगाची. खुणेतील रंगपेशींपासून मेलेनोमा नावाचा कर्करोग होऊ शकतो, हे खरे आहे. किती जणांना? जन्मतः असलेल्या अशा सर्व लहान-मोठ्या खुणा धरल्या तर १ टक्क्याहूनही कमी. फार मोठ्या खुणा असलेल्यांत हे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत जाते. मेंदूत पेशी असलेल्यांत आणि अनेक उपखुणा असलेल्यांत ते अधिक असते. म्हणजे मोठी खूण असलेल्या बहुसंख्य मुलांना आयुष्यात कधीही कर्करोग होत नाही. पण लक्ष ठेवणे सुटत नाही. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. अंघोळ घालताना खुणेवरून बोटे हळू फिरवून पाहावीत. नवी टणक गाठ हाताला लागली, न भरणारी जखम झाली, आपोआप रक्त आले किंवा एखादा भाग अचानक बदलला, तर दाखवावे. पहिल्या काही वर्षांत खूण गडद-फिकट होते, खडबडीत होते, केस वाढतात. यातले बहुतेक बदल साधे असतात आणि गाठीही बहुधा साध्याच निघतात. ते ठरवण्याचे काम मात्र डॉक्टरांचे. ते आपले नाही आणि शेजारच्या काकूंचेही नाही.

रोजच्या काळजीत एक बाब आपल्या घरांसाठी खास सांगायला हवी. खुणेवरची त्वचा पुष्कळदा कोरडी आणि नाजूक असते, खाजते, पटकन सोलवटते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा हात जड असतो. डाळीच्या पिठाने रगडून 'मळ निघेल, रंग उजळेल' असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. त्यांना आधीच प्रेमाने सांगावे की हा मळ नाही, येथे रगडू नका. साधे तेल किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम हलक्या हाताने लावावे. मोठ्या खुणेच्या जागी घाम कमी येतो, त्यामुळे उन्हाळ्यात बाळ लवकर तापते. सुती, सैल कपडे, सावली आणि पाणी यांनी पुष्कळ आराम पडतो. उन्हात जाताना लांब बाह्या आणि टोपी घालावी.

काढावी की राहू द्यावी?

पूर्वी असे मानले जाई की खूण कापून काढली की कर्करोगाचा धोका टळला. आज तज्ज्ञ तसे ठामपणे म्हणत नाहीत. या पेशी खोलवर असतात, मेंदूतही असू शकतात आणि शस्त्रक्रियेने धोका निश्चित कमी होतो असा पुरावा मिळालेला नाही. त्यामुळे संशयास्पद गाठ असेल तर ती काढणे वेगळे आणि पूर्ण खूण काढणे वेगळे. दुसरा निर्णय मुख्यतः दिसणे, त्रास आणि मुलाचे मन यांचा आहे. तो घाईने घ्यायचा नसतो.

मार्ग अनेक आहेत. मध्यम आकाराची खूण थोडी-थोडी करून दोन-तीन टप्प्यांत काढतात. मोठ्या खुणेसाठी शेजारच्या चांगल्या त्वचेखाली एक फुगा बसवतात. त्यात काही आठवडे थोडे-थोडे सलाइन भरत जातात, त्वचा ताणली जाऊन वाढते आणि मग ती वाढलेली त्वचा खुणेच्या जागी आणतात. पोटावर त्वचा ताणली जाते तशीच ही प्रक्रिया. फुगा आत असताना मुलाला सांभाळावे लागते, जंतुसंसर्गाची भीती असते. काही ठिकाणी दुसऱ्या भागातील त्वचेचे रोपण करतात. लेसरने रंग फिका होतो, पण खोलवरच्या पेशी राहतात आणि रंग पुन्हा येऊ शकतो. केस काढण्यासाठी मात्र लेसरचा उपयोग होतो. ज्या भागातील केस मुलाला नकोसे वाटतात, ते साध्या कात्रीने कापले तरी चालतात. कापल्याने ते दाट होत नाहीत.

शस्त्रक्रिया म्हणजे खुणेच्या जागी व्रण. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत व्रण जाड आणि उंच होण्याची प्रवृत्ती अधिक असते. काही कुटुंबे हे स्वीकारून शस्त्रक्रिया करतात आणि समाधानी असतात. काही कुटुंबे विचारपूर्वक न करण्याचे ठरवतात, तीही समाधानी असतात. पाठीवरच्या खुणेसाठी मूल मोठे होऊन स्वतःचे मत सांगेपर्यंत थांबणे मला अधिक योग्य वाटते. चेहऱ्यावरच्या खुणेचा विचार शाळेच्या आधी करावा असे अनेक पालकांना वाटते आणि त्यांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. सत्संगातल्या कोणीही या निर्णयावर 'देहाचे एवढे लाड कशाला' किंवा 'अजून ऑपरेशन केले नाही?' असे बोलू नये. दोन्ही वाक्ये आपल्याकडे सहज बोलली जातात.

खर्चाची चिंता असेल तर शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. कागदपत्रे घेऊन बरोबर जाणारा एक सेवेकरी मिळाला, तर त्या आई-वडिलांचे अर्धे ओझे उतरते.

आणि एक सूचना अगदी कळकळीची. चुना आणि सोडा एकत्र करून, बिब्बा घालून किंवा कसलेसे ॲसिड लावून डाग 'जाळण्याचे' उपाय आजही सांगितले जातात. बिब्ब्याने त्वचा भाजते आणि तिचे डाग वर्षानुवर्षे राहतात. बाळाच्या नाजूक त्वचेवर असे काहीही लावू नये, मग सांगणारा कितीही आदरणीय असो. अनुष्ठान, जप, प्रार्थना अवश्य करावी, पण ती मनाच्या बळासाठी. एमआरआयची तारीख चुकवून करायचे अनुष्ठान कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नाही.

मग प्रारब्धाचे काय?

आता मूळ प्रश्न. कर्मसिद्धांत आपण मानतो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही तीन नावे आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात येतात. पण हा सिद्धांत वापरायचा कोणी आणि कोणावर, याचा विचार फार थोडे जण करतात.

चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की कर्माचा मार्ग समजण्यास अत्यंत कठीण आहे. अर्जुनासारख्या शिष्याला हे सांगावे लागले. मग बारशाला जमलेल्या मंडळींपैकी कोणी बाळाची पाठ पाहून "पूर्वजन्मीचे काहीतरी" असे म्हणतो, तेव्हा तो जे कठीण म्हटले गेले ते मला कळले आहे, असा दावा करत असतो. त्याला कोणते कर्म, कोणत्या जन्मीचे, कोणाचे, हे काहीच ठाऊक नसते. ठाऊक असते ते एवढेच की समोर एक थकलेली आई आहे आणि ती उलट बोलणार नाही.

प्रारब्धाचा विचार हा स्वतःच्या दुःखासाठी आहे. माझ्यावर प्रसंग आला, तो टाळता येत नाही, तेव्हा कोणाला दोष न देता मी तो सोसावा, माझी बुद्धी कडवट होऊ नये, म्हणून संतांनी प्रारब्ध सांगितले. तोच शब्द दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला की त्याचा निवाडा होतो. औषध तेच, पण दुसऱ्याच्या जखमेवर ओतले की मीठ होते. ज्या आईने स्वतः पुष्कळ विचार करून "हे माझे प्रारब्ध, मी आनंदाने सांभाळीन" असे म्हटले, तिच्यापुढे नमस्कार करावा. तिला ते म्हणायला लावणाऱ्या सासूबाईंना मात्र केंद्रातल्या ज्येष्ठ ताईंनी एकदा बाजूला घेऊन बोलावे.

याची दुसरी बाजूही आहे. केसाळ खूण असली की कोठे कोठे "मारुतीरायाची कृपा आहे" म्हणतात, शेपटीसारखा आकार दिसला तर पायाही पडतात. दोष देण्यापेक्षा हे बरे, असे वाटेल. पण त्या मुलाला ना मारुती व्हायचे असते, ना पापाचे फळ. त्याला गोट्या खेळायच्या असतात. पाया पडणारी मंडळी त्याच्या पाठीकडेच पाहतात. त्याच्या डोळ्यांकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

आपल्या हातात आहे ते क्रियमाण : बाळाला वेळेवर दाखवणे, आईला झोप मिळेल असे पाहणे, फोटो काढून ठेवणे, वडिलांना रजा मिळत नसेल तर रुग्णालयात आपण जाऊन बसणे. प्रारब्धाची चर्चा जितकी लांबते, तितके हे मागे राहते.

चामडी पाहणारी नजर

अष्टावक्राची कथा आपण सगळे सांगतो. कहोड ऋषी आणि सुजाता यांचा हा मुलगा, आठ ठिकाणी वाकलेला. वडिलांच्या वेदपठणातली चूक त्याने गर्भातूनच दाखवली आणि वडिलांनी रागाने शाप दिला. कथेतही आईचा काही अपराध नाही, मुलाचाही नाही. पुढे हा मुलगा जनकाच्या सभेत गेला, तेव्हा त्याला पाहून विद्वान हसले. कथेकरी सांगतात की तोही हसला आणि म्हणाला, मला वाटले येथे ज्ञानी बसले असतील, येथे तर चामडीची पारख करणारेच दिसतात. आपण ही कथा सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. मग सभा संपते आणि पुढच्या रांगेतल्या मुलीच्या गालावरच्या खुणेकडे चार जण वळून पाहतात.

शब्दांचाही एक गमतीचा इतिहास आहे. मराठीत 'लांछन' म्हटले की कलंक, बदनामी. मूळ संस्कृतात लांछन म्हणजे फक्त खूण, ओळखीचे चिन्ह. विष्णूच्या छातीवरचे श्रीवत्स हे लांछनच. भृगूच्या लाथेची खूण भगवंतांनी छातीवर तशीच वागवली, अशी कथा आहे. जैन परंपरेत प्रत्येक तीर्थंकराचे लांछन असते : ऋषभदेवांचा बैल, महावीरांचा सिंह. त्याच शब्दाला आपण बोलता-बोलता खाली आणले.

ज्यांना १९८५ नंतरची वर्तमानपत्रे आठवतात, त्यांना सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरची लालसर जन्मखूणही आठवेल. सुरुवातीच्या काही सरकारी छायाचित्रांत ती पुसून टाकलेली असे. त्यांनी स्वतः ती कधी झाकली नाही. जगभर ते त्या खुणेसह ओळखले गेले आणि पुढे कोणालाही तिचे काही वाटेनासे झाले.

घरात नेमके हेच साधायचे असते : खूण झाकायची नाही आणि मिरवायचीही नाही. मूल दोन-तीन वर्षांचे झाले की खुणेला एक साधे नाव द्यावे, 'तुझी जन्मखूण', आणि ते नाव सहज वापरावे. फोटो काढताना बाळाला नेहमी एकाच बाजूने वळवू नये. मुलांना ते फार लवकर कळते. रेल्वेत समोरच्या बाईंनी "अगबाई, भाजले का हो?" असे विचारले तर आईने रागावू नये, रडूही नये. "नाही, जन्मखूण आहे. दुखत नाही आणि कोणाला होत नाही," एवढे तीन तुकड्यांचे उत्तर पुरते. ते मुलाच्या देखत, शांत आवाजात द्यावे, कारण पुढे शाळेत तेच उत्तर मूल स्वतः देणार असते. शाळेत नाव घालताना वर्गशिक्षिकेला भेटून हीच माहिती द्यावी. कोणी चिडवत असेल तर मुलाला 'दुर्लक्ष कर' एवढेच सांगून भागत नाही. मोठ्या माणसाने जाऊन ते थांबवावे लागते.

मुलगी मोठी होते तसा घरात लग्नाचा विषय निघतो. खरे तर तो ती पाळण्यात असतानाच निघालेला असतो. येथे लपवाछपवी नको. स्थळाला बोलणी पुढे जाण्याआधी स्पष्ट सांगावे : जन्मखूण आहे, आजार नाही, साधारणतः मुलांत उतरत नाही. मुलीचे शिक्षण, तिची नोकरी, तिचा आवडता विषय यांवर घरात जितके बोलणे होते, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेच खुणेवर व्हावे. ती स्वतः लग्न करणार नाही म्हणाली, तर त्याचे कारण खूण आहे असे धरून चालू नये.

अशा कुटुंबांना आणखी एक एकटेपणा असतो : दुसरे कोणी भेटत नाही. २०,०००मध्ये एक म्हणजे आख्ख्या तालुक्यात मोजकीच माणसे. ब्रिटनमध्ये 'केअरिंग मॅटर्स नाऊ' आणि अमेरिकेत 'नेव्हस आउटरीच' या संस्था अशा कुटुंबांना एकत्र आणतात. आपल्या केंद्रांचे जाळे देशभर आहे. एका गावच्या आईला दुसऱ्या गावची, दहा वर्षे पुढे गेलेली आई फोनवर भेटवून देणे आपल्याला सहज जमेल. अर्थात दोघींची परवानगी घेऊन, आणि सत्संगाच्या गटावर बाळाचे फोटो न टाकता.

बालसंस्कार वर्गातील ताई-दादांना शेवटी एक विनंती. वर्षाअखेरच्या कार्यक्रमात अष्टावक्राचे नाटक बसवणार असाल, तर खूण असलेल्या मुलाला ते काम आपण होऊन देऊ नका. रामायण बसवणार असाल तर मारुतीचेही नको. त्याला काय व्हायचे आहे ते इतर मुलांसारखेच विचारा. तो बहुधा राजा जनकाचा मुकुट मागेल, नाहीतर पडदा ओढण्याचे काम.